जुनी फळी

विंडसर्फिंगवाल्यांची म्हणे दरवर्षी नवी फळी निघते! आधीचीला वारा ओळखत नाही की काय? 1968 साली कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी पेटंटाचा अर्ज केला. त्यातून निघालेलं ते पॉलिथिलीनचं, साडेतीन मीटरांहून लांब धूड, हातात धरायला सागवानी दांडे. पण मंद वाऱ्यातही बापडं चालतं. आजच्या पुष्कळ तोकड्या फळ्या मालकासकट वाऱ्याची वाट बघत किनाऱ्यावर बसतात. आणि नवं नवं म्हणजे तरी काय हो? इंग्लंडात अपील कोर्टाने ते पेटंटच अवैध ठरवलं. पुराव्यात निघाला पीटर चिल्व्हर्स! वय वर्षं 12 असताना, 1958 मध्येच, या पोराने हेलिंग बेटावर घरगुती फळीला शीड लावून वारा पकडला होता. त्याने कॅटलॉग कुठून मागवला असेल?