नवापूरच्या कोंबड्या आणि भयाचें माप

राज्यांच्या उलथापालथीलाच इतिहास म्हणावयाची आपणांस संवय आहे. परंतु स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपणाराही एक इतिहास असतो. नंदुरबार जिल्ह्यांतील, गुजराथच्या सीमेला भिडलेल्या नवापूरचें नांव २००६ सालीं साऱ्या देशाच्या तोंडीं झालें, तें अशाच एका प्रकरणामुळें.

त्या वर्षींच्या फेब्रुवारींत तेथील कुक्कुटपालनगृहांतून पक्षी पटापट मरूं लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेंत नमुने तपासले गेले आणि १८ तारखेस जाहीर झालें कीं, 'एच-५-एन-१' या विषाणूनें भारतांतील कोंबड्यांत प्रथमच प्रवेश केला आहे. रोगस्थानाभोंवतालच्या तीन किलोमीटरांच्या टापूंतील पक्षी सरसकट मारून पुरण्याचा हुकूम सुटला. त्यांत व्यापाऱ्यांच्या कोंबड्या गेल्या, तशा गरिबांच्या परसांतल्याही गेल्या. ज्या घरीं चार कोंबड्या हीच अडीअडचणीची शिल्लक, तेथें हा घाव किती खोल गेला असेल, याची कल्पना आम्हां पगारदारांस सहज यावयाची नाहीं.

इकडे शहरोशहरीं कोंबडी व अंडीं ताटांतून हद्दपार झालीं. वस्तुतः मांसाच्या गाभ्यापर्यंत ७० अंश सेल्सिअसची उष्णता पोंचली कीं हा विषाणु टिकत नाहीं. खरा धोका असतो तो आजारी पक्षी हाताळणारास आणि सोलणारास. संशयितांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंत तपासण्यांत आले. त्या सालीं देशांत एकाही माणसास ही बाधा झाल्याचें आढळलें नाहीं.

उलट, जे विषाणु अन्नपाण्यावाटे खरोखरच पोटांत शिरतात, त्यांचा एवढा गाजावाजा होत नाहीं. माणसाच्याच विष्ठेंतून ते पाण्यांत उतरतात, हातांना लागतात आणि ताटांत येतात. १९५५-५६ सालीं दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून सुमारें २९ हजार लोकांस कावीळ झाली. जपून ठेविलेले त्या वेळचे रक्तनमुने पुढें तपासतां, तें कृत्य 'ई' जातीच्या काविळीच्या विषाणूचें ठरलें. गरोदर स्त्रियांस ही कावीळ विशेष घातक. २०१२ सालीं तिनेंच आमच्या इचलकरंजीस गांठलें. तथापि त्या धास्तीनें बाहेरचें सरबत किंवा बर्फाचा गोळा सोडणारीं घरें आम्हांस फारशीं दिसलीं नाहींत.

२०२१ सालीं नवापुरास पक्ष्यांचा तो रोग पुनः आला आणि पुनः लाखों कोंबड्या गेल्या. असा रोग आला असतां रोगट पक्ष्यापासून दूर राहावें आणि मांस पुरतें शिजवावें, एवढी सावधगिरी रास्तच होय. परंतु तिच्या निम्म्यानें तरी काळजी आपण पिण्याच्या पाण्याची, गटाराला खेटून गेलेल्या नळाची आणि वाढणाऱ्याच्या हातांची वाहावी, असें आम्हांस वाटतें. शिजलेल्या कोंबडीला भिऊन आपण नवापूरच्या गरिबाचें नुकसान मात्र केलें. आपलें स्वतःचें रक्षण त्यानें कांहींच झालें नाहीं.