शुभ्र वस्त्राचे तीन ऋतू

शुभ्र वस्त्र हे आपल्या देशात फार प्राचीन काळापासून सभ्यतेचे लक्षण मानले गेले आहे. सभेत, लग्नमंडपात वा देवळात पांढरेस्वच्छ धोतर नेसून आलेल्या गृहस्थास आपोआप मान मिळतो. परंतु ते धोतर उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंत पांढरे राहिले कसे, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारीत नाही. आपल्या परीट समाजाच्या या स्मरणिकेत तरी तो विचारला जावा, या हेतूने हा अल्प प्रयत्न केला आहे.

शिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात या देशात आला होता. त्याचे मूळ लिखाण नष्ट झाले आहे. तथापि त्याच्या आधारे आरियन या ग्रंथकाराने पुढे असे नमूद केले आहे, की भारतीयांचे वस्त्र झाडावर येणाऱ्या तंतूंचे असून ते इतर कोणत्याही वस्त्राहून अधिक शुभ्र आहे. अथवा लोकांचा वर्ण सावळा असल्यामुळे ते तसे भासत असावे. कापसाच्या शुभ्रतेची ही कीर्ती अशी तेवीसशे वर्षांची आहे.

कोणत्या ऋतूत कोणते वस्त्र ल्यावे, याविषयी आपल्या वैद्यकग्रंथांनीही विचार केला आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात थंडीच्या दिवसांत रेशमी, लोकरीचे व तांबडे वस्त्र सांगितले आहे. उन्हाळ्यात हलके काषाय वस्त्र सांगितले आहे. आणि पांढरे वस्त्र सांगितले आहे ते पावसाळ्यात! ते उष्णही नाही आणि शीतही नाही, असे त्याचे कारण दिले आहे. आज आपण पांढरा कपडा उन्हाळ्याचा मानतो, कारण पांढरा रंग सूर्याचा प्रकाश परतवितो. तेव्हा भावमिश्राचे मत वाचून प्रथम नवल वाटते. पण आषाढीच्या वारीकडे दृष्टी टाकावी. ऐन पावसात, चिखलातून पंढरीस चाललेला वारकरी पांढऱ्या वेषातच असतो. त्याने तो ग्रंथ वाचलेला नसतो. परंतु पावसाळ्यातील पांढरे वस्त्र महाराष्ट्रास अपरिचित नाही, एवढे यावरून खचित म्हणता येते.

येथवर झाली ती वस्त्र नेसणाऱ्याच्या ऋतूंची कथा. धुणाऱ्याचे ऋतू याहून निराळे आहेत. उन्हाळ्यात ऊन भरपूर, कपडा उजळतोही लवकर. पण नदीचे पात्र आटते आणि डोहाच्या शोधात गाठोडी घेऊन दूर जावे लागते. पावसाळ्यात पाणी उदंड, पण ते गढूळ. सरपण ओले, भट्टी पेटत नाही, कपडा वाळत नाही, आणि दमट राहिला तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. हिवाळ्यात पाणी निवळ आणि ऊनही स्वच्छ. परंतु पहाटेच्या गार पाण्यात गुडघाभर उभे राहून हातापायांना भेगा पडतात. नेसणाऱ्यास जो ऋतू सुखाचा, तो धुणाऱ्यास सुखाचा असेलच असे नाही.

या कष्टांतूनच एक शास्त्र निर्माण झाले. रिठा, राख आणि खारी माती यांनी मळ काढावा, भट्टीच्या वाफेवर कपडा शिजवावा, दगडावर आपटावा, उन्हात पसरावा, तांदळाची खळ द्यावी व निळीच्या हलक्या छटेने पिवळेपणा झाकावा. बिब्ब्याच्या रसाने केलेली खूण भट्टीतही जात नसे. तीवरून अक्षरशत्रू परीटही शेकडो कपड्यांतून ज्याचा त्याचा कपडा अचूक ओळखीत असे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे, की कापड शुभ्र करण्यासाठी भडोचकडे नेत. कारण तेथे मोठी कुरणे होती व लिंबे विपुल मिळत. लिंबाच्या पाण्यात बुडविल्यावाचून कापडास पुरती शुभ्रता येत नाही, असेही तो म्हणतो. ज्या हिंदी कापडाने परदेशच्या बाजारपेठा जिंकल्या, त्याच्या कीर्तीत विणकराइतकाच धुणाऱ्याचाही वाटा होता.

गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीत खळ्यावर मिळेल ते धान्य, हे त्याचे वर्षाचे वेतन. सोयरसुतकाचे कपडे त्यानेच शुद्ध करावयाचे, आणि त्याच कामामुळे त्यास हलके लेखावयाचे, अशी ही विपरीत रीत होती. मात्र इतिहास लिहावयाचा तर तो संपूर्ण लिहिला पाहिजे. ज्यांना अस्पृश्य म्हटले गेले, त्या बांधवांचे कपडे गावोगावी परीट धूत नसत. रूढीची सक्ती होती हे खरे. पण जो अपमान आपल्या पूर्वजांनी सोसला, तोच त्यांनी दुसऱ्यांस दिला, हेही खरे. स्वच्छ वस्त्राचा मान अशा रीतीने एका मोठ्या जनसमूहास नाकारला गेला.

१९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमात 'दुकान' या शब्दाची व्याख्या करताना लाँड्रीचा स्पष्ट उल्लेख करण्यात आला. कायद्यास हा शब्द घालावा लागला, यातच सर्व आले. परंतु कायद्याच्या कितीतरी आधी आपल्याच समाजात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हा धडा घालून दिला होता. स्वतः चिंध्यांचा वेष करून त्यांनी हाती खराटा घेतला, दिवसा गावे झाडली, रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडली, आणि पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. शुभ्रता अंगावरच्या कपड्यात नसते, हे परिटाच्या पुत्राने सांगावे, यात मोठेच औचित्य आहे.

आता घरोघरी धुण्याची यंत्रे आली आहेत, आणि आपली मुलेमुली शिकून निरनिराळ्या क्षेत्रांत गेली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट होय. तरी त्यांनी पांढरा सदरा अंगात घालताना तीन ऋतूंचे ते पाणी, ती भट्टी व ते भेगाळलेले हात स्मरावेत. आणि जो मान आपल्याला हवा, तो दुसऱ्या कोणालाही नाकारू नये. पूर्वजांच्या श्रमांचे याहून चांगले स्मरण दुसरे कोणते असणार?