समुदाय आरोग्य अधिकारी

समुदाय आरोग्य अधिकारी हे भारताच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील डॉक्टर आणि आरोग्य सेविका यांच्या मधल्या स्तरावरील पद आहे. आयुष्मान भारत योजनेखाली 2018 पासून आरोग्य उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत (2023 पासूनचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) करताना हे पद निर्माण झाले. परदेशांत फिजिशियन असिस्टंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवसायाशी त्याचे साम्य आहे. मात्र तो व्यवसाय प्रामुख्याने डॉक्टरच्या सान्निध्यात चालतो, तर समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टर नसलेल्या ठिकाणी काम करतो. वादाचे मूळही याच फरकात आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात पदवीऐवजी परवाना मिळवून व्यवसाय करणारे वैद्यक मोठ्या संख्येने होते. मुंबईत 1912 साली स्थापन झालेले कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स असे परवाने देत असे. भोर समितीने 1946 च्या अहवालात सर्वांसाठी एकच मूलभूत पदवी असावी अशी शिफारस केली आणि परवानाधारकांचे शिक्षण पुढे बंद झाले. पदवीधर डॉक्टर मात्र शहरांतच राहिले.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने 1965 साली नौदलातून निवृत्त झालेल्या वैद्यकीय सहायकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. भारतात तो 1992 मध्ये मद्रास मेडिकल मिशन येथे हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून आला. 2021 च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात या व्यवसायाचा समावेश आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग याहून वेगळ्या वाटेने गेले. रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने 1970 पासून जामखेड येथे गावातील स्त्रियांना, अनेकदा निरक्षर स्त्रियांना, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित स्त्रियांकडून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे हेही त्यांच्या कामात होते. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटला. डॉक्टरेतर व्यक्तीने औषध द्यावे की नाही या चर्चेत हा पुरावा आजही सर्वांत वजनदार ठरतो.

पात्रता व कार्य

परिचर्या किंवा आयुर्वेदाचे पदवीधर सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर या पदावर नेमले जातात. महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांचा भरणा मोठा असून युनानी पदवीधरांनाही संधी आहे. प्रशिक्षण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमानुसार होते. उपकेंद्राचे क्षेत्र मैदानी भागात सुमारे 5,000, तर आदिवासी व डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येचे असते. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब, मधुमेह आणि मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, डॉक्टरने सुरू केलेली औषधे पुढे चालू ठेवणे, ‘ई-संजीवनी’वरून दूरसल्ला मिळवून देणे आणि आशा स्वयंसेविकांच्या कामाचे नेतृत्व करणे ही त्याची मुख्य कामे होत. तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला उत्तरदायी असतो.

कायदा व वाद

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 32 नुसार मध्यम स्तरावरील व्यक्तीला मर्यादित परवाना देता येतो. प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांतच तिने स्वतंत्रपणे औषध लिहावे आणि अशा परवानाधारकांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावी, अशी मर्यादा त्यात आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने 31 जुलै 2019 रोजी देशव्यापी काम बंद आंदोलन केले. या तरतुदीने भोंदू वैद्यकीला राजमान्यता मिळेल, असा संघटनेचा आक्षेप होता. समर्थकांचा प्रश्न साधा होता: जेथे डॉक्टर जातच नाही, तेथे पर्याय कोणता?

महाराष्ट्रात हाच तंटा होमिओपॅथीच्या निमित्ताने पेटला. 2014 च्या दुरुस्तीने एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथांना आधुनिक औषधे वापरण्याची वाट मोकळी झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत त्यांची नोंदणी करण्याच्या निर्णयाविरुद्ध 18 सप्टेंबर 2025 रोजी राज्यातील डॉक्टरांनी चोवीस तासांचा संप केला.

मुंबई उपनगरे

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत ग्रामीण उपकेंद्रे नाहीत, त्यामुळे या पदाचे ग्रामीण स्वरूपही येथे आढळत नाही. प्राथमिक सेवा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांतून व दवाखान्यांतून दिली जाते आणि वस्त्यांतील घरभेटी आरोग्य स्वयंसेविका करतात. 2022 पासूनच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत एमबीबीएस डॉक्टर नेमण्याची पद्धत आहे. राजावाडी, कूपर, भगवती यांसारख्या रुग्णालयांवरील गर्दी कमी करणे हा त्यामागील हेतू होता. खासगी क्षेत्रात मात्र चित्र निराळे आहे. उपनगरांतील अनेक लहान शुश्रूषागृहांत निवासी डॉक्टरची रात्रपाळी आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर सांभाळतात. मध्यम स्तरावरील सेवक शहराला नको असतो असे म्हटले जाते. प्रत्यक्षात तो तेथे दुसऱ्या नावाने वावरतो.

सेवाशर्ती

महाराष्ट्रातील नेमणुका राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत कंत्राटी स्वरूपाच्या असून दरमहा 25,000 रुपये मानधन आणि कामगिरीनुसार 15,000 रुपयांपर्यंत मोबदला अशी रचना ठरवण्यात आली. सेवेत कायम करावे ही या अधिकाऱ्यांच्या संघटनांची प्रमुख मागणी आहे.