आरव्ही घेतली, आता मासिकाची वर्गणीही भरायची का? आधी मासिक कोणाचं आहे ते बघा

समजा, तुमची मावसबहीण अमेरिकेत राहते. तिने आणि तिच्या नवऱ्याने हौसेने एक जुनी आरव्ही घेतली. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम असं सगळं आत असलेलं चाकांवरचं घर. गाडी घेऊन महिना होत नाही तोवर पत्रपेटीत एक कार्ड येऊन पडतं : वर्षाची वर्गणी भरा, आरव्हीवाल्यांचं खास मासिक घरपोच मिळवा. ताई कार्डाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकते आणि विचारते, घेऊ का?

ग्रुपवरचं उत्तर ठरलेलं असतं. "कशाला? यूट्यूबवर सगळं फुकट आहे की!"

पण हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. वर्गणी सहसा वीस-तीस डॉलरच्या आसपास असते, म्हणजे दोन पिझ्झांचे पैसे. गाडी मात्र हजारो डॉलरची असते, आणि एक चुकीचं सॉकेट तिच्यातली निम्मी उपकरणं जाळू शकतं. त्यामुळे प्रश्न वीस डॉलरचा नाही. मासिकातून नक्की काय मिळतं, आणि त्यातल्या कशावर विश्वास ठेवायचा, हा आहे.

मासिकं होती कोणाची?

अमेरिकेतल्या आरव्ही मासिकांचा इतिहास जुना आहे. 'ट्रेलर लाइफ' हे मासिक १९४१ मध्ये सुरू झालं. १९६६ मध्ये यूटा राज्यातल्या एका वाचकाने त्यांना पत्र लिहून एक कल्पना सुचवली. रस्त्यात अडकलेल्या दुसऱ्या आरव्हीवाल्याला मदत करायला जे थांबतील, त्यांनी गाडीवर एक स्टिकर लावावं. मासिकाने ती उचलून धरली आणि त्यातून 'गुड सॅम क्लब' उभा राहिला. डोक्यावर तेजोवलय असलेला हसरा चेहरा ही त्याची खूण. मोबाइल नव्हता त्या काळात सुनसान हायवेवर बंद पडलेल्या कुटुंबाला ते स्टिकर दिसणं म्हणजे केवढा दिलासा असेल!

पुढे गोष्ट बदलली. हे मासिक आणि हा क्लब ज्या अॅफिनिटी ग्रुपकडे होते, त्याने १९९७ मध्ये 'कॅम्पिंग वर्ल्ड' ही दुकानांची साखळी विकत घेतली. कॅम्पिंग वर्ल्ड आज अमेरिकेतली सगळ्यात मोठी आरव्ही विक्रेती कंपनी आहे, २०१६ पासून शेअर बाजारातही आहे, आणि गुड सॅम हा तिचाच ब्रँड आहे. म्हणजे देशातली सर्वात जुन्या नावाची मासिकं छापणारं घर आणि सर्वात जास्त आरव्ही विकणारं घर एकच झालं.

यात बेकायदेशीर काही नाही. पण वाचक म्हणून आपल्याला हे माहीत हवं. साडीच्या दुकानाने काढलेल्या मासिकात "यंदा साडी घेऊ नका, जुनीच नेसा" असा लेख येईल का?

२०२० च्या अखेरीस 'ट्रेलर लाइफ' आणि त्याचं भावंड 'मोटरहोम' ही दोन्ही मासिकं बंद करण्यात आली आणि २०२१ पासून त्यांच्या जागी 'आरव्ही' नावाचं एकच मासिक आलं. गंमत म्हणजे नेमके तेव्हाच कोरोनामुळे नवे ग्राहक लोंढ्याने येत होते. २०२१ मध्ये कारखान्यांमधून ६ लाख २४० आरव्ही बाहेर पडल्या. हा विक्रम होता. २०२३ मध्ये हाच आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. उद्योगाच्या संघटनेच्या २०२१ च्या पाहणीनुसार १ कोटी १२ लाख अमेरिकन कुटुंबांकडे आरव्ही होती. म्हणजे शिकवायची गरज सगळ्यात जास्त असलेले लोक आले, तेव्हाच ८० वर्षांचा मास्तर निवृत्त झाला.

गाडी निवडायला मासिक कामाचं का?

माझं मत, नाही. निदान एकट्या मासिकाच्या भरवशावर तरी नाही.

कारण जाहिराती. थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन कंपन्या आणि त्यांच्या हाताखालचे डझनावारी ब्रँड मिळून अमेरिकेतला बहुतांश बाजार होतो. आरव्ही मासिकाला मोठी जाहिरात हवी असेल तर ती शेवटी याच दोन-चार दारांतून येणार. मग नव्या मॉडेलचं परीक्षण कसं असतं? स्वयंपाकघर ऐसपैस, खिडक्या मोठ्या, रंगसंगती प्रसन्न. फार तर "कपाटाचा कडीकोयंडा थोडा सैल वाटला". तीन पावसाळ्यांनंतर छत गळतं का, हे काही दिवसांसाठी मिळालेल्या कोऱ्या गाडीवरून कळूच शकत नाही. जाहिरात देतो तो बाब्या, असा हा मामला.

मग यूट्यूब तरी शुद्ध आहे का? तिथेही सोलर पॅनेल, बॅटरी, कधीकधी अख्खी गाडी कंपनीने दिलेली असते. असा व्यवहार असेल तर तो उघड करणं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, म्हणून व्हिडिओच्या खालचा बारीक मजकूर आधी वाचा.

गाडीत धोकादायक दोष निघाला तर त्याची बातमीही मासिकातून मिळवण्यात अर्थ नाही. छपाईला वेळ लागतो. नॉरकोल्ड आणि डोमेटिक या दोन्ही कंपन्यांना आरव्हीतल्या फ्रीजमुळे आग लागण्याच्या धोक्यावरून रिकॉल काढावे लागले आहेत. अशी माहिती वाहन सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर फुकट मिळते. गाडीचा १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन टाकायचा की प्रलंबित रिकॉल समोर येतात. जुनी गाडी घेणाऱ्याने तर पैसे देण्याआधीच हे करावं. फ्रीजसारख्या उपकरणाचं रिकॉल कधीकधी उपकरणाच्या कंपनीच्या नावावर असतं, म्हणून फ्रीजचा मॉडेल नंबरही वेगळा तपासावा.

मग मासिक कुठे कामाला येतं?

यूट्यूबवर उत्तर मिळतं, पण त्यासाठी प्रश्न माहीत असावा लागतो. नव्या माणसाला प्रश्नच माहीत नसतो. मासिक चाळताना न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाती लागतं. मला वाटतं वर्गणीचे पैसे इथेच वसूल होतात. तीन उदाहरणं बघा.

पहिलं, विजेचं. छोट्या आणि मध्यम आरव्हींना ३० अँपिअरचा तीन पायांचा प्लग असतो. तो १२० व्होल्टचा. अमेरिकेत घरातल्या कपडे वाळवायच्या मशीनचं जुन्या पद्धतीचं सॉकेटही ३० अँपिअरचं आणि दिसायला साधारण तसंच, पण ते २४० व्होल्टचं. गाडी घराच्या अंगणात उभी करायची म्हणून लोक इलेक्ट्रिशियनला बोलावतात, तो "३० अँपिअर, तीन पिना" एवढंच बघतो आणि सवयीने २४० व्होल्ट जोडून देतो. प्लग लावला की मायक्रोवेव्ह, टीव्ही, चार्जर सगळं खलास. ही चूक इतकी जुनी आहे, तरी नव्या मालकांकडून अजून होते. कारण "माझं सॉकेट चुकीच्या व्होल्टेजचं आहे का" असं कोणी आपणहून शोधत नाही.

दुसरं, टायरचं. कारचे टायर झिजून बाद होतात, आरव्हीचे मात्र उभ्या उभ्या म्हातारे होतात. गाडी वर्षातून चार-सहा आठवडे चालते, उरलेला वेळ उन्हात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून कडक होऊन तडकलेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. जुनी गाडी बघायला जाताना एवढं एक कळलं तरी विक्रेत्याशी घासाघीस करता येते.

तिसरं, ओढण्याचं, आणि यात भलेभले फसतात. पिकअप ट्रकच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की हा इतके हजार पौंड ओढतो. पण ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीच्या जागी थेट ट्रकच्या पाठीवर येतो. ट्रेलर ७,००० पौंडांचा असेल तर तो भार ९०० पौंडांच्या घरात जातो. आता ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर वाचा. ट्रकची वजन पेलण्याची मर्यादा समजा १,५०० पौंड आहे. उरले ६००. त्यात आई, बाबा, दोन मुलं, कुत्रा, बर्फाची पेटी, जोडणीचं लोखंडी सामान. कागदावर ट्रक ओढू शकतो, प्रत्यक्षात मागून बसलेला असतो आणि पुढची चाकं रस्त्यावर नीट टेकत नाहीत. 'ट्रेलर लाइफ' दरवर्षी कोणती गाडी किती ओढते याची मार्गदर्शिका काढायचं. त्या परंपरेतल्या मार्गदर्शिका आता गुड सॅमच्या संकेतस्थळावर वर्षवार बघता येतात. विक्रेत्याचं मासिक म्हणून त्यातलं सगळंच टाकाऊ नसतं, ते असं.

या तिन्ही गोष्टी साधारण पहिल्या दोन वर्षांत डोक्यात बसतात. त्यानंतर तेच लेख ऋतूप्रमाणे फिरून येतात. ऑक्टोबर आला की पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून काय करावं, एप्रिल आला की छताचे सांधे कसे तपासावेत. आपल्याकडे जूनमध्ये पावसाळ्यातल्या आहारावर लेख येतात ना, तसंच. म्हणून वर्गणी दोन वर्षांची पुरे. "पाच वर्षांची भरा, भरघोस सूट मिळवा" याला भुलायचं कारण नाही.

क्लबची मासिकं वेगळी का?

एका प्रकारच्या मासिकांचा हिशोब वेगळा आहे. २० जुलै १९६३ रोजी खग्रास सूर्यग्रहण बघायला २६ कुटुंबं आपापल्या घरासारख्या बनवलेल्या बसगाड्या घेऊन मेन राज्यातल्या हिंकली गावी जमली. ग्रहण काही सेकंदांचं, पण तिथे जन्मलेली 'फॅमिली मोटर कोच असोसिएशन' अजून आहे, आता 'फॅमिली आरव्ही असोसिएशन' या नावाने. तिचं मासिक सभासदत्वातच येतं. दुसरा मोठा क्लब 'एस्केपीज'. जो आणि के पीटरसन या जोडप्याने तो १९७८ मध्ये सुरू केला. के पीटरसन आधी एका आरव्ही मासिकात लिहायच्या, आणि वाचकांच्या पत्रांतून क्लबची गरज त्यांना जाणवली.

अशा क्लबची वार्षिक फी मासिकापेक्षा जास्त, पण सहसा शंभर डॉलरच्या आत. त्यात मेळावे, मदतीची माणसं आणि सवलती येतात, आणि मासिकात सभासदांनी स्वतः केलेल्या दुरुस्त्यांचे अनुभव छापून येतात. ट्रेलरच्या एक्सलला ग्रीस कसं भरलं हे सांगणाऱ्या निवृत्त मेकॅनिकला कोणाचीच जाहिरात करायची नसते. गाडी वर्षातून दोन महिने तरी चालणार असेल, तर मला सुट्या मासिकापेक्षा हा सौदा बरा वाटतो.

मासिक येणार कुठे?

ही अडचण वर्गणी भरताना सुचत नाही. घर विकून बारा महिने आरव्हीतच राहणारे हजारो लोक अमेरिकेत आहेत. त्यांचा पत्ता काय? अमेरिकेचं टपाल खातं पत्ता बदलल्यावर साधी पत्रं वर्षभर नव्या पत्त्यावर पाठवतं, पण मासिकं-वर्तमानपत्रं फक्त ६० दिवस. त्यामुळे एस्केपीजसारखे क्लब टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावात सभासदांची टपालं गोळा करून ते असतील तिथे पाठवतात. ती सेवा पैसे घेऊन असते, आणि जाड मासिक पुढे धाडायला टपालखर्च लागतो तो वेगळा. फिरत्या माणसाने डिजिटल अंक घ्यावा, हे उघड आहे. तोही घेण्याआधी गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड काढून 'लिबी' अॅप बघावं. अनेक वाचनालयं त्यावर मासिकं फुकट वाचू देतात. आपलं वाचनालय कोणती देतं, ते पाच मिनिटांत कळतं.

आणि हो, कार्डाच्या मागचा बारीक मजकूर वाचायचा. पहिल्या वर्षाची वर्गणी स्वस्त असते, मग ती आपोआप नव्या दराने पुढे चालू राहते. एका क्लिकवर वर्गणी बंद करता यावी असा नियम फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये केला होता, पण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यामुळे फोनमध्ये नूतनीकरणाच्या महिनाभर आधीचं रिमाइंडर आपणच लावायचं.

भारतातून गेलेले बरेच जण आरव्ही विकत न घेता यलोस्टोनसारख्या सहलीसाठी आठवडाभर भाड्याने घेतात. त्यांना वर्गणीची गरजच नाही. गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची ते दाखवतो, तेव्हा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवला की झालं.

ताईला मात्र एक पत्ता देऊन ठेवा. अमेरिकेतल्या अनेक कॅम्पग्राउंडमध्ये कपडे धुवायच्या खोलीत एक फळी असते. वाचून झालेली पुस्तकं, मासिकं लोक तिथे ठेवून जातात, हवी ती घेऊन जातात. टायरची तारीख कशी वाचायची, हा लेख दहा वर्षांपूर्वीच्या अंकातही तेवढाच खरा असतो.