मोडीत न गेलेली पदकं

लष्करी संग्रहालय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोफा येतात. तोफा आमच्याकडेही आहेत, पण त्या बाहेर अंगणात. शाळेच्या सहली आल्या की पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. मी संग्रह सहायक. माझं काम मागच्या खोलीत चालतं. आलेल्या वस्तूला आवक क्रमांक द्यायचा, माप-वजन घ्यायचं, अवस्था लिहायची, कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि पावसाळ्यात त्या कपाटातली हवा कोरडी राहील हे बघायचं. कसर आणि वाळवी हे आमचे खरे शत्रू. आजवर कुठल्याही परक्या सैन्याने या संग्रहाचं त्यांच्याएवढं नुकसान केलेलं नाही.

हे काम करताना माझं एक मत बनलं आहे. पहिल्या महायुद्धातलं जे काही आमच्याकडे येतं, ते बहुतेक सोनाराने परत केलेलं असतं.

त्या युद्धाला १९१५ संपायच्या आत गेलेल्या शिपायाला साधारण तीन पदकं मिळत. दोन तलवारी आडव्या असलेला ‘१९१४-१५ स्टार’, पंखवाल्या बाईचं ‘व्हिक्टरी मेडल’ आणि पाचव्या जॉर्जचं डोकं असलेलं ‘ब्रिटिश वॉर मेडल’. पहिली दोन ब्राँझची, तिसरं चांदीचं. वजन एक औंसाच्या आसपास, म्हणजे अडीच-पावणेतीन तोळे. आता माणूस पदक घेऊन येतो तेव्हा त्याच्या रुमालातून स्टार निघतो, पंखवाली बाई निघते. जॉर्ज नसतो. विचारलं तर म्हातारी माणसं हसतात. कुणाच्या आत्याच्या पायांत त्याची जोडवी झाली, कुणाचं बैलाच्या खरेदीत गेलं, कुणाचं सावकाराकडे गहाण पडलं ते पडलंच.

आमच्या घरातलं १९७२ साली मोडलं.

आमचं गाव खटाव तालुक्यात. पणजोबा ११० मराठा पलटणीत होते आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर गेले होते. आजोबा मात्र आयुष्यभर ‘बसऱ्याला’ असंच म्हणाले. चांदीचं पदक गावी आलं तेव्हा पणजीने ते उलटून पाहिलं. मागच्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष, हातात तलवार, घोड्याच्या टापांखाली तुडवलेली ढाल आणि कवटी. मागे सूर्य. तिने दुसरा विचार केला नाही, पदक देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं आणि हळद वाहिली. तो मुळात इंग्रजांचा सेंट जॉर्ज, आणि ढालीवरचा गरुड प्रशियाचा. पण चांदीचा पत्रा, घोडा, तलवार आणि पायाखाली शत्रू एवढं जमल्यावर माणदेशाच्या कडेच्या बाईला आणखी काय पुरावा हवा? पुढे संग्रहालयात असं पदक पहिल्यांदा हाती आलं, तेव्हा मला पणजीचंच म्हणणं पटलं. फक्त हा खंडोबा उघडा आहे. अंगावर सूत नाही. तिने ते कसं खपवून घेतलं, कोण जाणे.

पणजोबा त्या टाकाच्या पूजेला कधी बसले नाहीत. त्याचं कारण आजोबांनी आम्हाला कूतची गोष्ट सांगताना सांगितलं.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला फौज अडली आणि टायग्रिसच्या काठाने मागे फिरली. जनरल टाउनशेंडने कूत-अल-अमारा या नदीच्या वळणातल्या गावात तळ धरला. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. सोडवायला निघालेल्या फौजेत १०५ होती, पण ती फौज पोचलीच नाही. आजोबांच्या सांगण्यात या कशाचाच पत्ता नसे. त्यांच्या सांगण्यात भूक असे. गावात पुरलेलं धान्य सापडलं, जव होता, पण दळायचं कशावर? “मग विमानातून जातं पाडलं,” आजोबा म्हणत आणि आम्ही पोरं लोळून हसायचो. आकाशातून जातं! थोरल्या चुलत्यांनी तर ही गोष्ट लग्नाच्या पंगतींत आजोबांच्या थापांचा नमुना म्हणून सांगितली.

थाप नव्हती. कूतवर विमानांतून खरंच जात्याच्या तळ्या टाकल्या होत्या, आणि एप्रिलमध्ये पिठाची पोतीही. वेढ्यातल्या फौजेला विमानातून रसद पुरवायचा हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. पोती काही नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकांत. हे छापील वाचलं तेव्हा आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, चुलते होते. त्यांना पान वाचून दाखवलं. “इंग्रजांनी लिहिलंय म्हणून खरं होय?” म्हणाले. पण पंगतीतला तो किस्सा त्यांनी बंद केला.

शेवटी घोडे आणि खेचरं कापली. गोऱ्या सैनिकांनी खाल्ली, आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे नाकारली. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली, तरी लोक अडून बसले. न खाणाऱ्यांना स्कर्व्ही झाली, हिरड्या सुजून दात हलायला लागले. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, पणजोबांनी खाल्लं का? ते सरळ म्हणाले, “खाल्लं. न खाणारे तिथंच राहिले.” खंडोबाच्या वाहनाला दातांखाली घेतलेला माणूस पुढे जेजुरीला जाऊन आला, पण घोडेस्वाराच्या टाकाला त्याने हात लावला नाही.

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. बाजारबुणग्यांसकट तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती गेली. टाउनशेंडची सोय इस्तंबूलजवळच्या बेटावर झाली. हिंदी शिपाई वाळवंटातून चालत रास-अल-ऐनला, बगदाद रेल्वेच्या कामावर. पणजोबा परत आले ते १९१९ मध्ये. तोवर त्यांची आई आणि धाकटा भाऊ मानमोडीच्या साथीत गेले होते. लढाईवर गेलेला जगला आणि घरातली माणसं मेली, हे आजोबा फार साध्या आवाजात सांगत. त्या पिढीला ते नवलाचं नव्हतं.

तर १९७२. विहीर आटलेली, आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि घरात सुकडीवर दिवस निघत होते. पणजी तेव्हा हयात होती. आजोबांनी पदक मोडायची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली, देव मोडतात का? आजोबांनी पलटणीतल्या एका सुभेदारांना बोलावून तिला समजावलं की हा गोऱ्यांचा देव आहे, आपला नव्हे. पणजीने बराच वेळ तो न्याहाळला आणि म्हणाली, “मग पन्नास वर्षं हळद कुणी खाल्ली?” तरी दिलं. सोनाराने व्हिक्टरी मेडलही कसोटीला लावून पाहिलं आणि पितळ आहे म्हणून माघारी दिलं. तेवढं आज चुलत्यांच्या ट्रंकेत आहे.

यात हळहळण्यासारखं काय, असं कुणी विचारील. चांदीच ती, पोटाला उपयोगी पडली. मलाही तसंच वाटायचं. पण या खात्यात आल्यावर पदकाची कड भिंगाखाली धरायला शिकले. कडेवर अगदी बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. स्टारच्या सपाट पाठीवरही असते. इंग्रज कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली नावं, दोन पदकांवर दोन तऱ्हांची, पण नावं. आता बसऱ्याचं स्मारक घ्या. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक, १९२९ मध्ये उभं राहिलं. सद्दाम हुसेनने १९९७ मध्ये ते उचलून शहराबाहेर वाळवंटात हलवलं. त्यावर इंग्रजांची नावं आहेत, आपल्या अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा. म्हणजे सातारा-रत्नागिरीच्या कित्येक पोरांचं नाव सरकारी हाताने कुठे कोरलं गेलं असेल, तर ते पदकाच्या त्या कडेवर. चांदी वितळली की तेही जातं. ब्राँझला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाव टिकलं.

याच हिशेबाने पाणी वाहणारे, लाकडं फोडणारे, खेचरं हाकणारे यांच्यावर झालेला अन्याय उलटा फळला. वॉर मेडल चांदीची साठ लाखांवर निघाली, पण मजूर पलटणींसाठी आणि बाजारबुणग्यांसाठी सुमारे १,१०,००० ब्राँझची काढली. चिनी, माल्टाचे आणि हिंदी मजूर त्यांत आले. शिपायाला चांदी, भिश्त्याला कांसं. भिश्त्याचं मोडायला कुणी नेलं नाही. आमच्या कपाटात असं एक आहे, आणि ते मी कुणालाही आधी दाखवते.

घासूनपुसून आणलेलं पदक ही आमची डोकेदुखी. लोक देताना मोठ्या प्रेमाने चिंच आणि राख लावून लखलखीत करून आणतात. प्रत्येक घासणीबरोबर अक्षरं झिजतात. काहींची कड इतकी गुळगुळीत झालेली असते की तिरप्या उजेडात धरूनही पलटण लागत नाही. मग नोंदवहीत घरच्यांनी सांगितलेलं नाव लिहायचं आणि पुढे ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ असा शेरा. आमचे वरिष्ठ या शेऱ्याला कमी प्रतीचा पुरावा मानतात. विमानातलं जातं आठवून मी त्यांच्याशी भांडते. शेरा राहतो, पण हल्ली त्याखाली सांगणाऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहायची सोय करून घेतली आहे.

मागे एक आजी आल्या, स्टार घेऊन. सासऱ्यांच्या वडिलांचा. द्यायची तयारी होती, अट एकच. दसऱ्याला शस्त्रपूजेत तो लागतो, तेव्हा घरी न्यायचा. दान म्हणून घेतलं तर वस्तू परत बाहेर देता येत नाही, असा नियम. बरीच कागदपत्रं चाळून आम्ही तो दीर्घ मुदतीची उसनवार म्हणून घेतला आणि करारात दसऱ्याचं कलम घातलं. दरवर्षी नातू येतो, सही करतो, डबी नेतो. पहिल्या वर्षी स्टार परत आला तो कुंकवाने माखून, तलवारींच्या खाचांत झेंडूच्या पाकळ्या. ओलं कुंकू ब्राँझला वाईट. मी आजींना फोन केला, म्हटलं, पूजा करा, कुंकू तेवढं लावू नका. त्या म्हणाल्या, “मग पूजा कसली गं?” बरीच घासाघीस झाली. ठरलं ते असं की कुंकू डबीच्या झाकणाला लावायचं. झाकणाचं आता नोंदवहीत वेगळं पान आहे. अवस्थेच्या रकान्यात दरवर्षी एकच ओळ पडते: कुंकवाचे डाग, वाढते.