सत्तरी, ऐंशी आणि एकादशी

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करीत इंदापुरास येते, तेव्हा दिंडीत पिकल्या मिशांची माणसे मोठ्या संख्येने दिसतात. ती पंढरपुरी पोहोचून आषाढीचा उपवास करतात. उपवासाने उतारवयातही पुरुषाचे वीर्य आणि तेज राखले जाते, ही समजूत या वाटेवर आजही कानी पडते. प्राचीन वैद्यकाचा तिला आधार आहे काय?

चरकसंहितेच्या वाजीकरण-अध्यायात शुक्रक्षयाची कारणे सांगितली आहेत: जरा, चिंता, व्याधी, कष्टांनी येणारी कृशता, अतिसंभोग आणि अनशन. वार्धक्य व उपासमार एकाच पंक्तीत! सूत्रस्थानात लंघनाच्या दहा प्रकारांत उपवास येतो खरा. परंतु वृद्ध, दुर्बल आणि नित्य वाट चालणारा यांना लंघन नव्हे, बृंहण, म्हणजे पोषण द्यावे, असे तेथेच म्हटले आहे. वारकऱ्याचेच हे वर्णन वाटावे.

आधुनिक प्रयोगाने प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. २०२५ साली जर्मनी व चीनमधील संशोधकांनी नर उंदरांना एक दिवस आहार, एक दिवस उपास असे ठेवले. म्हाताऱ्या नरांना पिल्ले अधिक झाली, पण त्याचे कारण शुक्रात नव्हते. मेंदूतील सेरोटोनिन घटून कामेच्छा वाढली होती, आणि त्याला काही आठवडे नव्हे, महिने लागले. माणसाविषयी यावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

मग वृद्ध उपवास का करीत? उत्तरासाठी बारामतीच्या एका सोयरिकीकडे वळावे लागते. बारामतीकर मोरोपंतांचे (१७२९–१७९४) व्याही, पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. एकादशीचा अधिकार त्यांनी आठ ते ऐंशी वर्षांपर्यंत सांगितला. अशक्तांना मात्र दूध, फळे, हविष्यान्न किंवा एकवेळच्या भोजनाची मुभा दिली. हा विचार व्रताच्या पुण्याचा आहे. वीर्यवृद्धीचा हिशेब त्यात नाही.

एक गंमत राहिली. दीर्घायुष्य इच्छिणाऱ्याने सोळाच्या आधी व सत्तरीनंतर स्त्रीसंग करू नये, असे चरकसंहिता सांगते. म्हणजे सत्तर ते ऐंशी ही दहा वर्षे उपाध्यायांच्या पुरुषास उपवास आहे, आणि वैद्यकाच्या लेखी त्या उपवासाने राखावे असे काही उरलेले नाही.