एक हजार पौंडांची दोनशे वर्षे

आठवीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना आपण मुदत दोन-तीन वर्षांचीच घेतो. बेंजामिन फ्रँकलिनने ती दोनशे वर्षे धरली होती. पतंग आणि विजेमुळे आपल्याला ठाऊक असलेला हाच तो फ्रँकलिन. १७९० मध्ये त्याचे निधन झाले. मृत्युपत्राच्या पुरवणीत त्याने बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले होते. उमेदवारी पुरी केलेल्या, पंचविशीच्या आतल्या विवाहित कारागिरांना त्यातून ५ टक्के व्याजाने कर्ज द्यायचे. त्यांनी दोन जामीन आणायचे आणि दहा वार्षिक हप्त्यांत फेड करायची. तरुणपणी दोन मित्रांनी दिलेल्या कर्जावरच त्याचा स्वतःचा धंदा उभा राहिला होता.

त्याचा हिशेब असा: शंभर वर्षांनी १,३१,००० पौंड होतील. त्यांतले एक लाख लोकोपयोगी कामांवर खर्च करावेत, उरलेले ३१,००० आणखी शंभर वर्षे फिरवावेत. त्यांचे ४०,६१,००० होतील. १.०५ चा शंभरावा घात विद्यार्थ्यांकडून काढून घ्या. तो सुमारे १३१.५ येतो. फ्रँकलिनने वरचा अर्धा सोडून सरळ १३१ ने गुणलेले दिसते!

गणित चुकले नव्हते. मात्र एकही कर्ज बुडणार नाही आणि एक पौंडही पडून राहणार नाही, हे त्यात गृहीत होते. प्रत्यक्षात हप्ते थकले. पुढे कारखाने आले, उमेदवारीची पद्धत मोडली आणि अटींत बसणारे कारागीरच मिळेनासे झाले. बॉस्टनच्या विश्वस्तांनी बरीचशी रक्कम एका विमा कंपनीत गुंतवली. शंभरी उलटली तेव्हा बॉस्टनकडे सुमारे ३,९०,००० डॉलर होते, फिलाडेल्फियाकडे लाखाच्या आसपास. मूळ हजार पौंड म्हणजे साधारण ४,४०० डॉलर. म्हणजे एकीकडे सुमारे ८८ पट, दुसरीकडे २२ पट. व्याजदरात हा फरक साडेचार आणि तीन टक्के एवढाच!

हिशेबतपासनीस बॉस्टनची पाठ थोपटील. मला तसे करवत नाही. तिथली रक्कम फुगली, ती कारागिरांच्या हाती फारशी न गेल्यामुळे. अर्थात पहिल्या शतकाच्या वाट्याला अँड्र्यू कार्नेगीच्या देणगीची जोड मिळून १९०८ मध्ये बॉस्टनमध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उघडली, हेही खरे.

१९९० मध्ये दुसरी मुदत संपली. बॉस्टनकडे सुमारे ४५ लाख डॉलर निघाले. फिलाडेल्फियाकडे वीसएक लाखच होते; पण तिथला पैसा विसाव्या शतकातही सामान्य लोकांना घरांसाठी कर्जाऊ मिळत राहिला होता.